बूट माळ्यावरून काढताना

सातारा

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तीन वर्षांनी बूट घातलेस, वाकडच्या रस्त्यावर दोन किलोमीटर पळालीस, धाप लागली, दुसऱ्या दिवशी नडग्या ठणकल्या आणि बूट परत माळ्यावर. वर हे वाक्य: ‘सर, माझ्यात आता तेवढी एनर्जीच उरली नाही.’ पहिला किलोमीटर किती मिनिटांत मारलास ते सांगू नकोस, ओळखलं मी. कॉलेजात मारायचीस तेवढ्यातच मारायला गेलीस!

डोकं तीन वर्षांपूर्वीचं आणि पाय आजचे, म्हणून ही गत. सराव सुटला की काही आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा घटतो, मग त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. हे नुकसान लवकर भरून निघतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम परतायला लागेल आणि खरी भीती मला त्याच आठवड्याची वाटते. कारण हाडं आणि टाचेवरची जाड शीर कणखर व्हायला महिने घेतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. तेव्हा नडगीचं ऐक. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग, तसं उतावळ्या धावणाऱ्याच्या गुडघ्याला बर्फाची पिशवी!

म्हणून आठवड्यातून तीनच दिवस. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा. बोलता येईल इतकाच वेग. चालायची लाज वाटेल. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेला जेफ गॅलोवे कित्येक दशकं लोकांना हेच मध्ये मध्ये चालणं शिकवत आला, मग तू-मी कोण?

लाजेचं मला ठाऊक आहे. डेंग्यूनंतर सात महिन्यांनी मी यवतेश्वरचा घाट चढायला गेलो. 2012 पासून आपली हिल हाफ मॅरेथॉन जाते तोच. दुसऱ्या वळणावर बसलो. ओळखीचे एक जण दिसले, तर उगाच लेस सोडून बांधत राहिलो.

आता एनर्जीचं. ती पळताना शोधू नकोस. पहिले दोन आठवडे तर उलट जास्त झोप येईल. येऊ दे, रात्री तासभर लवकर आडवी हो. फरक दिसतो तो ऑफिसात, दुपारी चारला. तिसरा चहा मागवायचा राहून गेला असं एखाद्या दिवशी लक्षात येईल, तेव्हा मला कळव. महिनाभरानंतरही गळून गेल्यासारखं वाटलं तर हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या मुलींचं बऱ्याचदा तिथंच अडलेलं असतं.

आणि मूड. पळल्यावर मन खुलतं ते शरीरातल्या एका रसायनामुळे, असं म्हणत सगळे एंडॉर्फिन, एंडॉर्फिन करतात. पण 2021 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन ट्रेडमिलवर पळवलं, तरी त्यांना तो आनंद मिळालाच. आता संशय आहे शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका रसायनावर. 1992 मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं आणि नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’वरून! मला हे कळलं तेव्हा दिवसभर उगाच खूश होतो. पण रोज तरंगल्यासारखं वाटेल अशी आशा धरू नकोस. मला दहातल्या दोन-तीन दिवशी तसं वाटतं. बाकीच्या दिवशी फक्त घरच्यांवर कमी खेकसतो, आणि घरच्यांना तेवढं पुरतं. मन आठवडेच्या आठवडे उदास राहिलं, तर मात्र नुसत्या पळण्यावर विसंबू नकोस, डॉक्टरांना भेट.

दिवाळीला आलीस की यवतेश्वरला जाऊ. पहिल्या वळणापर्यंतच. मीही मध्ये मध्ये चालतो.

तुझे सर

ता. क. बूट काढलेस की आधी सोल दाबून बघ. तीन वर्षं पडून फोम कडक झाला असेल तर नवे घे. संध्याकाळी घ्यायला जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेव आणि रंग शेवटी बघ.