रस्ता नुसता ओला दिसतोय, निघू का?

प्रश्न : रात्री पाऊस पडून गेला, आता पारा शून्याखाली आहे. पहाटे गाडीने ऑफिसला निघावं का? रस्ता तर नुसता ओला दिसतोय.

उत्तर : त्या ‘नुसत्या ओल्या’ रस्त्याचीच मला धडकी भरते. डांबरावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर बसला की तो ओलाच दिसतो. मी पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघते. पाणी उडत नसेल, तर तो बर्फच समजायचा. पूल आधी गोठतात, कारण गार हवा त्यांना खालूनही लागते. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या १० पट अंतर लागू शकतं. पहाटे निघूच नका. साहेबांना आत्ताच कळवा. ऊन वर आलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडलं, की मग ठरवा.