मसाल्याची लेबलं आधी सांभाळा, मग लिनक्स

प्रश्न: आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. लॅपटॉप जुना, आय-थ्री, रॅम ४ जीबी. विंडोज १०चे अपडेट बंद झाले आणि ११ त्यावर चढत नाही. भाचा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स टाक, पण त्याच्या अनेक प्रकारांतलं कुठलं, यावर त्याच्या मित्रांतच जुंपली आहे. बिलं, पाकिटांवरची मराठी लेबलं, मेल आणि यूट्यूब एवढंच माझं काम. मला काय जमेल?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: ताई, त्या पोरांचं एकमत व्हायची वाट बघू नका, लिनक्सवाल्यांचं ते कधीच होत नाही. तुम्ही लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती जास्त देखणी पण जड आहे, आणि ४ जीबीत ब्राउझर उघडला की निम्मी रॅम तोच खातो. उबंटूही चांगलं, मिंट त्याच्यावरच उभं आहे. फक्त त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्याला सुरुवातीला चकवते. मिंटमध्ये मेनू खाली डावीकडे आणि घड्याळ उजवीकडे, जिथे तुमचा हात आपसूक जातो तिथेच. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

लगेच विंडोज पुसू नका. भाच्याला ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मिंट चढवून द्यायला सांगा (त्यावरचं सगळं उडतं, म्हणून रिकामा). लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूतून (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीतून) पेनड्राइव्ह निवडला की मिंट तिथूनच चालतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तेवढ्यात तपासा. प्रिंटरवर एक पान खरंच छापून बघा, नुसतं यादीत नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. पेनड्राइव्हवरून सगळं रेंगाळतं, तेव्हा वेगावरून मत बनवू नका.

माझी खरी काळजी तुमच्या लेबलांची आहे. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केली असतील, तर लिनक्सवर 'गोडा मसाला'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसेल. त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतात, फॉन्ट नसला की अक्षरंच हरवतात. म्हणून विंडोज आहे तोवर प्रत्येक लेबलाची पीडीएफ करून ठेवा. छपाई त्यावरून चालू राहील, नवी लेबलं युनिकोडमध्ये करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा 'कगप' फोनेटिक लेआउट जोडला की के दाबल्यावर क येतो, शिफ्ट धरून ख. भाजणीच्या लेबलापुरता सराव दुपारभरात होतो.

लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर लॅमिंग्टन रोडवरून २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणून घाला. कुठलं लिनक्स, या वादापेक्षा तिने वेगात पडणारा फरक मोठा. जुनी डिस्क, विंडोजसकट, कपाटात ठेवता येते.

बिलं लिबरऑफिसमध्ये होतील, ते मिंटसोबतच येतं. तुमचे सीए एक्सेल फाइल मागत असतील, तर सेव्ह करताना एक्सएलएसएक्स निवडा. तुम्ही स्वतः टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर मात्र विंडोज काढू नका. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे.