शहरातलं सांडपाणी खाडीत सोडण्याआधी त्याचं नेमकं काय करतात?

थोडक्यात सांगायचं तर आधी गाळतात, मग जिवाणूंना खायला घालतात आणि शेवटी क्लोरीन.

मैलापाणी केंद्रात आलं की पहिली जाळी. प्लास्टिक, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या तिथेच अडकतात. वास म्हणाल तर खरा तिथलाच. पुढे रेती खाली बसवतात, नाहीतर पंप झिजतात.

खरं काम हवेच्या टाकीत. तळातून बुडबुडे सोडतात, त्यावर जिवाणू पोसतात आणि घाण फस्त करतात. नवी मुंबईतल्या केंद्रांत एसबीआर पद्धत आहे: हवा देणं, गाळ बसू देणं, वरचं पाणी काढणं, सगळं एकाच टाकीत आळीपाळीनं. टाकीतलं चॉकलेटी पाणी लिटरभर काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवतात. गाळ खाली आणि वर नितळ पाणी दिसलं की जिवाणू ठणठणीत. गाळ तरंगत राहिला तर काहीतरी बिनसलंय.

मोजमाप बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण फस्त करायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं. कच्च्या मैलापाण्यात ते लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम; २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत शुद्ध करून सोडायच्या पाण्याची मर्यादा महानगरांना २०, इतरत्र ३०.

मुंबईत मात्र वरळी-वांद्र्याहून वर्षानुवर्षं जुजबी गाळलेलं पाणीच तीन किलोमीटरहून लांब बोगद्यांतून समुद्रात सोडत आलेत. पातळ होईल, हा हिशेब. खाडीत तो चालत नाही. भरती आली की सोडलेलं पाणी परत आत येतं, आणि आपल्याकडे ओहोटीला तिथेच तर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला बायका उतरतात.