दक्षिण आफ्रिकेत परदेशी मजुरांमुळे स्थानिकांच्या नोकऱ्या खरंच जातात का?

नाही, निदान देशाचा एकूण हिशेब मांडला तर नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार तिथल्या सुमारे ६.२ कोटी लोकांत परदेशात जन्मलेले जेमतेम २४ लाख, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. बेरोजगारी मात्र तीस टक्क्यांच्या वर. एवढ्या बेकारीचं खापर इतक्या थोड्या डोक्यांवर कसं फुटणार? जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासात (आकडे १९९६ ते २०११ चे) तर उलटंच दिसलं: कामाला लागलेल्या एका स्थलांतरितामागे स्थानिकांसाठी साधारण दोन रोजगार तयार झाले. शिवाय ही ये-जा आजची नाही. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी कित्येक दशकं मोझांबिक, लेसोथो, मलावीच्या मजुरांवर चालल्या, आणि त्यांना खाणमालकांनीच भरती करून आणलं होतं.

पण स्थानिकांची तक्रार अगदीच हवेतली नाही. हॉटेलं, शेतमळे, ट्रकवाहतूक अशा कामांत कागदपत्रं नसलेला माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो, दाद मागू शकत नाही, म्हणून काही मालक मुद्दाम त्यालाच घेतात. तिथे फटका बसतो हे खरं. नियम मोडतो मालक. मार खातो झिम्बाब्वेचा मजूर, नाहीतर वस्तीत छोटं किराणा दुकान, म्हणजे तिकडचं ‘स्पाझा’, चालवणारा सोमाली. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून पसरलेल्या हिंसाचारात ६२ जण मेले, त्यातले २१ तर दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते.