वाचक विचारतात: ना लॅब, ना ट्रेडमिल, मग रिसर्च कसा करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी एमपीएडच्या (शारीरिक शिक्षणातल्या मास्टर डिग्रीच्या) दुसऱ्या वर्षाला हाय, गाव दारव्हा तालुक्यात. लघुप्रबंध करायचाय आणि गाइड सर म्हणतात विषय तूच शोधून आण, कोणाचा उचलू नको. मी 'योगाभ्यासाचा कबड्डी खेळाडूंच्या कामगिरीवर परिणाम' असा विषय काढला तर मैत्रीण म्हणते असे ढीगभर झालेत. आमच्याकडे लॅब नाही, ट्रेडमिल नाही, गावात काय तर सकाळी सकाळी पोलीस भरतीचे पोट्टे दिग्रस रोडवर पळतात, त्यात माझा भाऊही हाय. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचीये, काय करू?

उत्तर: अगं, विषय तर तूच पत्राच्या शेवटी लिहून पाठवलाय! भरतीत पोरांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००, आणि थोड्या सेकंदांनी मार्क खालीवर होतात. म्हणून प्रत्येक गावात कोणीतरी घड्याळ घेऊन उभा असतो आणि सांगतो, शाबास, मागच्या हप्त्यापेक्षा पाच सेकंद कमी आले. आता मला सांग, ते पाच सेकंद खरंच तयारीचे आहेत का? का त्या दिवशी वारा पाठीमागून होता, झोप बरी झाली होती, शर्यतीला तगडा जोडीदार होता? हे कोणी तपासत नाही आणि पोरं त्या आकड्यावर वर्ष काढतात, मला तर हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

तर तुझा प्रश्न असा कर: एकच मुलगा, तयारीत काही बदल न करता, त्याच आठवड्यात दोनदा १६०० मीटर पळाला तर त्याच्या वेळेत किती फरक पडतो. बस एवढंच. रिसर्चच्या भाषेत याला विश्वासार्हता म्हणतात, रिलायबिलिटी. प्रत्येकाच्या दोन वेळांमधला फरक काढायचा, त्या सगळ्या फरकांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते) काढायचं आणि त्याला २ च्या वर्गमुळाने म्हणजे १.४१ ने भागायचं. समज प्रमाण विचलन १२ सेकंद आलं (हा आकडा मी समजावायला घेतला), तर मोजमापातली चूक, म्हणजे तयारी न बदलता वेळ आपोआप खालीवर होणं, साधारण साडेआठ सेकंदांची झाली, मग एका पोराचे पाच सेकंद कमी झाले म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. हे उत्तर तुझ्या भावाच्याही कामाचं आहे आणि त्याला ट्रेडमिल लागत नाही.

योगा किंवा इंटरव्हल ट्रेनिंग (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) देऊन परिणाम बघायचाच असेल तर कंट्रोल ग्रुप, म्हणजे ते ट्रेनिंग न दिलेला तुलनेचा गट, लागतो, आणि कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, मैत्रिणीच्या भावाला चांगल्या गटात घालायचं नाही. पण आकड्याचं गणित बघ, दोन गटांत मध्यम फरक साध्या टी-टेस्टने (दोन सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीने) पकडायचा तर ०.०५ ची पातळी (फरक नसताना तो आहे म्हणण्याची शक्यता ५ टक्के) आणि ८० टक्के पॉवर (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ६४ जण लागतात. तुझ्या गावात एवढे पळणारे नसणार. दहा-दहा पोरं घेऊन मोठा निष्कर्ष काढलेले प्रबंध चिक्कार आहेत, तू त्यात भर घालू नको.

आता मोजायचं कसं, इथेच सगळी मेहनत आहे. अंतर मोबाईलच्या जीपीएसवर सोडू नको, लांब टेप घेऊन रस्ता मोज आणि दोन्ही टोकांना रंगाने खूण कर. घड्याळ दोन्ही वेळा त्याच माणसाच्या हातात. वेळ तीच, बूट तेच, आदल्या दिवशी जोराची प्रॅक्टिस नाही, दोन धावांमध्ये दोन-तीन दिवस आराम. त्याआधी एक धाव नुसती सवयीची घे, ती धरू नको, कारण पहिल्या वेळी पोरं सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि शेवटी बसतात. १०० मीटर टाळ, हाताच्या घड्याळावर वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा सुमारे ०.२४ सेकंद कमी येतो आणि तेवढ्या छोट्या धावेत तो फरक भारी पडतो. तारखा शेतीकडे बघून ठरव, सोयाबीन काढणीत आणि कापूस वेचणीत अर्धी पोरं दिवसभर वावरात राबलेली असतात, तो थकवा तुझ्या आकड्यात उतरेल. एप्रिल-मे तर विचारूच नको, आपल्याकडचं ऊन माहीत आहे तुला.

एक गोष्ट मात्र मी कडक सांगते. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी येईपर्यंत एकाही पोराची वेळ घ्यायची नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) माणसांवरच्या संशोधनासाठी २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती वाच. अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची सही पाहिजे आणि शिवाय पोराचा स्वतःचा होकार. तुमच्या भागात बंजारा तांडे आहेत, तिथल्या आईबापांना संमतीपत्र त्यांच्या गोरमाटी बोलीत कोणाकडून तरी समजावून दे, नुसता अंगठा घेऊन येऊ नको. छातीत दुखणं, चक्कर, दमा हे आधीच विचार, आणि भाऊ त्यात असला तरी त्याच्यावर दबाव नको.

जुनं काम बघायला शोधगंगा ही प्रबंधांची वेबसाइट फुकट आहे, आकडेमोडीला जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि एकदा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जाऊन ये, १९१४ ची संस्था, १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे दाखवून आलेली माणसं. तिथल्या फिजिकल एज्युकेशनच्या कॉलेजात कोणी या विषयावर बोलायला भेटलं तर तुझा अर्धा रस्ता सोपा होईल.

प्रश्न: मॅडम, माझ्या प्रोजेक्टमध्ये प्री-टेस्ट पोस्ट-टेस्टमध्ये (ट्रेनिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचणीत) काहीच फरक निघाला नाही. व्हायवाला काय सांगू? दोन-चार आकडे थोडे सरकवले तर चालतील असं एक जण म्हणाला. (वाचक, जि. बुलडाणा)

उत्तर: नाही चालणार भाऊ, आणि तो सल्ला देणाऱ्याचं परत ऐकू नको. फरक निघाला नाही हाच तुझा निष्कर्ष. सरासरी, प्रमाण विचलन आणि फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) तिन्ही छाप. इंटरव्हल खूप रुंद असेल तर सांग की सॅम्पल लहान पडलं, अरुंद असून शून्याच्या आसपास असेल तर सांग की या पद्धतीने एवढ्या आठवड्यात मोठा फायदा दिसत नाही. मूळ नोंदींची वही सोबत ने, परीक्षकांनी विचारलं तर पुढे ठेव.