पोराबाळांसकट: बाहुल्या बघायला जायचंय!

मागच्या अंकात सुट्टीतल्या सहलींचे प्रश्न मागवले होते, आणि गंमत अशी की आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये बरेचसे बाहुल्यांवरच निघाले. कोणीतरी कोणालातरी सांगितलं असणार, आपल्या नाशकात असंच चालतं. म्हणून यावेळचा कॉलम बाहुल्यांना देऊन टाकला, किल्लेवाले आणि मिसळवाले पुढच्या महिन्यात.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. दिवाळीनंतर गाडी घेऊन मालवणला चाललोय, मी, मिस्टर, सासूबाई (७१ वर्षं, गुडघे दुखतात), मुलगा ११ चा आणि मुलगी ५ वर्षांची. ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं की कुडाळजवळ पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचं म्युझियम आहे आणि तिथं खेळ पण दाखवतात. मिस्टर म्हणतात, समुद्र सोडून बाहुल्या काय बघायच्या. मुलगा म्हणतो, हे बारक्या पोरांचं असतं. आणि मुलीनं आतेभावाच्या मोबाईलवर तात्या विंचू बघितल्यापासून ती स्वतःची बाहुलीसुद्धा रात्री कपाटात बंद करून झोपते. तर जाऊ का नको?

उत्तर: अगं जाच. साडेपाचशे-सहाशे किलोमीटर गाडी हाकत जाणार आणि तासाभरावरचं पिंगुळी सोडून येणार, असं करू नकोस.

आधी मिस्टरांचं बघू. मालवणच्या उन्हात दुपारी अकरा ते तीन समुद्रावर कोण थांबतं? त्या वेळात पोरं लॉजवर एकमेकांच्या झिंज्या उपटतात. तीच वेळ पिंगुळीला दे. संध्याकाळी तारकर्लीला परत, समुद्र कुठं जात नाही.

आता ते ठिकाण काय आहे ते सांगते, म्हणजे भलतंच डोक्यात ठेवून जाऊ नका. पिंगुळीत गुढीपूर म्हणून भाग आहे, तिथं ठाकर समाजातल्या गंगावणे कुटुंबानं 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभं केलंय, २००६ पासून. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आणि म्युझियम म्हणजे मोठी इमारत, एसी, लिफ्ट असलं काही नाही हो, जिथं आधी घरचा गोठा होता तिथं हे सुरू झालं. मला विचाराल तर त्यातच त्याची मजा आहे. आपल्याला ठाकर म्हटलं की इगतपुरी-त्र्यंबककडचे आठवतात, पण सिंधुदुर्गातल्या या ठाकरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम म्हणजे देवळात जाऊन खेळ करायचे, गोष्टी सांगायच्या, सावंतवाडी संस्थानानं त्यांना आसरा दिला होता.

बघायला तिथं मुख्य तीन गोष्टी. एक, कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या. दुसरं, चामड्याच्या बाहुल्या, पांढऱ्या पडद्यामागं दिवा लावून त्यांच्या सावल्या दाखवतात. आणि तिसरं चित्रकथी, ज्याच्यावर माझा फार जीव. कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची, एका गोष्टीच्या चित्रांचा जो गठ्ठा त्याला म्हणतात पोथी. चित्रातले डोळे बघा, एकदा बघितले की कुठंही ओळखाल.

एकच नियम पाळा, आधी खेळ आणि मग म्युझियम. उलटं करू नका. आम्ही एकदा उलटं केलं होतं, दुसऱ्या एका शहरात, नाव नाही घेत. मुलं लहान होती, बरोबर माझे सासरे होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. तिकीट काढून आत गेलो तर काचेच्या कपाटात बाहुल्या अशा लटकवलेल्या, जशी काही दोरीवर कपडे वाळत घातलेत, पाट्या वाचता येईनात कारण अर्ध्या ट्यूब बंद, आणि पोरांनी सात मिनिटात सगळं म्युझियम 'बघून' टाकलं. मग कळलं की पाचचा खेळ रद्द, माणसं कमी आली म्हणून, आणि हे तिकीट देताना सांगितलं नव्हतं हो. धाकटी रडायला लागली. तर नानांनी बाहेरच्या पायरीवर बसून खिशातला रुमाल काढला, त्याचा उंदीर केला आणि तो असा काही हातावरून पळवला की शेजारचं शेंगदाणेवाल्याचं पोरगंही येऊन बसलं. माझ्या मुलांना त्या म्युझियमचं नाव आज आठवत नाही, उंदीर आठवतो. बाहुली हलताना बघितली ना, की मग तीच बाहुली खुंटीला टांगलेली दिसली तर पोरं विचारतात ही आत्ता झोपली का, हिचा हात कुठल्या दोरीनं उचलायचे. आधी टांगलेली दाखवली तर काही विचारत नाहीत, भूक लागली म्हणतात.

त्यामुळं निघायच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि सरळ सांगा, आम्हाला खेळ बघायचाय, आम्ही एवढे जण आहोत. घरची माणसं चालवतात, तिथं मल्टिप्लेक्ससारखे दर तीन तासांनी शो नसतात. खेळाचे पैसे ठरवून घ्या आणि घासाघीस करू नका बाई, रिसॉर्टवर जेट-स्कीला देतोच की आपण. एकूण दोन-अडीच तास ठेवा.

धाकटीच्या भीतीचं. तिला पहिल्या रांगेत बसवून 'बघ बघ घाबरायचं नसतं' असं अजिबात करू नका. आजीच्या मांडीवर, मागे, दाराजवळ. पाहिजे तेव्हा उठून बाहेर जाता येईल हे तिला आधीच सांगून ठेवा, बहुतेक ती उठणार नाही. खेळ संपल्यावर बाहुली आडवी ठेवलेली असताना तिला बोटानं हात लावू द्या, मग दोरी धरू द्या. मुलांना भीती वाटते ती आपोआप हलणाऱ्या बाहुलीची. हलवणारा काका दिसला, त्याच्या कपाळावरचा घाम दिसला की निम्मी भीती तिथंच जाते. तात्या विंचूचंही सांगा तिला, तो बाहुला रामदास पाध्ये यांचा, जे त्या गमत्या अर्धवटरावाला बोलतं करतात तेच. दोघांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी दाखवा, पण दिवसा.

मुलाला काम द्या. नुसतं 'बघ' म्हटलं तर तो मोबाईल काढणार. त्याला सांगा, एका बाहुलीला किती दोऱ्या आणि कुठली दोरी काय हलवते ते शोधून कागदावर काढ. दोऱ्या हातात घेतल्यावर दोन मिनिटात गुंता करील आणि 'बारक्या पोरांचं' हे म्हणणं बंद होईल.

सासूबाईंसाठी घडीचं स्टूल गाडीत टाका, खाली बसायला लागलं तर पंचाईत नको. पण खरं सांगू, या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त त्यांनाच कळणार आहे, कारण गोष्टी त्यांच्या ओळखीच्या. पिंगुळीलाच राऊळ महाराजांचा मठ आहे, तोही दाखवा. आणि दिवस हातात असेल तर पुढं सावंतवाडी, चितारआळीत लाकडी खेळणी आणि राजवाड्यात गंजिफा, म्हणजे ते हातानं रंगवलेले गोल पत्ते. गंजिफाची किंमत ऐकून दचकू नका.

गाडी नको असेल त्यांच्यासाठी, मंगला एक्सप्रेस नाशिक रोडवरून कोकण रेल्वेनं खाली जाते, थांबे आणि वेळ मात्र त्या-त्या सीझनचं टाइमटेबल बघूनच बुक करा.

प्रश्न: मी शाळेत शिकवते, कॉलेज रोड. कठपुतळी आणि कळसूत्री एकच का? मुलांनी विचारलं आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले, नंतर चुटपुट लागली.

उत्तर: तुमचं फार काही चुकलं नाही मॅडम, दोन्ही दोऱ्यांवरच्याच. कठपुतळी राजस्थानची, काठ म्हणजे लाकूड. भाट लोकांचा हा खेळ, अमरसिंह राठोड या राजपूत वीराची गोष्ट त्यात ठरलेली. पुढच्या वेळी मुलांना विचारा, हिचे पाय कुठंयत? नसतात! लांब घेरदार घागरा असतो आणि गिरकी घेतली की पायांची आठवणच येत नाही. दोऱ्या कुठल्या लाकडी पट्टीला बांधलेल्या नसतात, त्या थेट बोटांत अडकवतात. आणि तो चिरका आवाज येतो ना, ती 'बोली' नावाची बांबू आणि चामड्याची शिट्टी, खेळ करणारा तोंडात धरून वाजवतो.

दोरीशिवायचे प्रकारही आहेत. बंगालात काठीवरच्या, केरळात हातमोज्यासारख्या घालायच्या, कथकलीसारख्या नटवलेल्या. सावल्यांच्या म्हणाल तर आंध्रातलं तोलू बोम्मलाट, त्यातल्या बाहुल्या रंगीत असतात आणि चामडं इतकं पातळ केलेलं की सावलीही रंगीत पडते. केरळातलं तोलपावकूत्तु भद्रकालीच्या देवळाबाहेर होतं, गोष्ट कंब रामायणाची, म्हणजे कंबन कवीच्या तमिळ रामायणाची. मुलांना शाळेत सांगायला अजून एक, नाटकातला 'सूत्रधार' म्हणजे शब्दशः दोरी धरणारा.

आणि हे फक्त नाशिककरांसाठी. जुन्या मराठीत कळसूत्री बाहुलीला साइखडें म्हणायचे, ज्ञानेश्वरीत हा शब्द सापडतो. आपल्या निफाडकडं सायखेडा आहे, सार्वजनिक वाचनालयाचं नाट्यगृह साईखेडकरांच्या नावाचं आहे, त्यामुळं मला दर वेळी हसू येतं. संबंध काही जोडू नका हं, कानाला सारखं लागतं एवढंच.

प्रश्न: जानेवारीत उदयपूरला लग्न आहे, मधला एक दिवस मोकळा. भारतीय लोककला मंडळ बघण्यासारखं आहे का? सिटी पॅलेस आणि बोटीतच दिवस संपेल असं वाटतंय. – गंगापूर रोडवरून एक बाबा

उत्तर: पॅलेस सकाळी उरका आणि हे दुपारी ठेवा. देवीलाल सामर यांनी १९५२ मध्ये ही संस्था काढली. १९६५ मध्ये बुखारेस्टला जगभरातल्या बाहुलीवाल्यांचा महोत्सव झाला, त्यात यांच्या कठपुतळ्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं, म्हणजे हे टुरिस्टांसाठी काहीतरी नाचवलंय अशातलं नाही. म्युझियममध्ये बाहुल्यांशिवाय मुखवटे, वाद्यं, दागिने, देवादिकांच्या मूर्ती असं बरंच आहे, पोरं मुखवट्यांपाशी थांबतात. आपल्याकडं सुरगाणा-पेठ भागातला बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, तुमच्या मुलांनी बघितला असेल तर तिथं आपोआप तुलना सुरू होईल, नसेल बघितला तर आधी तो दाखवा खरं म्हणजे, जवळ आहे आणि फुकट आहे.

बाहुल्यांचे छोटे खेळ तिथं दिवसा होतात, संध्याकाळी लोकनृत्यांचा मोठा कार्यक्रम. गेल्या-गेल्या तिकीट खिडकीवर पुढच्या खेळाची वेळ विचारा आणि त्याप्रमाणं आत फिरा. लग्नाच्या कपड्यात जाऊ नका, बसून-बसून चुरगाळतात, अनुभव आहे.

हां, दिल्लीवरून येणारे काही जण तिथल्या शंकर्स डॉल्स म्युझियमशी गल्लत करतात. ते शंकर पिल्लई, म्हणजे व्यंगचित्रकार शंकर, यांचं, १९६५ चं, तिथं देशोदेशीच्या पोशाखातल्या बाहुल्या आहेत. छान आहे, पण तिथली बाहुली बघायची असते, नाचवायची नसते.

प्रश्न: खेळ चालू असताना आमचा मुलगा (६) सारखा पडद्यामागं पळतो. मागच्या वेळी सगळे बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तर: सहा वर्षांचं पोर पडद्यामागं गेलं नाही तर मी काळजी करीन. पण खेळ चालू असताना खरंच नको, दोऱ्या असतात, कुठं तेलाचा दिवा असतो. आधीच कबूल करा की खेळ संपला की आपण मागं जायचं, आणि खेळवाल्यांनाही आधीच विचारून ठेवा, त्यातले बरेच जण हौसेनं दाखवतात. मोबाईलचा फ्लॅश मात्र बंद. सावल्यांच्या खेळात एक फ्लॅश मारला की पडदा पांढराफटक, आणि ते तुमचं पोरगं नाही करत, शेजारचे काका करतात.

प्रश्न: ताई, यंदा कुठंच जाणं जमणार नाही, मिस्टरांचं काम सुटलंय. मुलं दोन, वय ७ आणि ९. घरी काही करता येईल का? – पंचवटी

उत्तर: येईल, आणि खर्च जवळजवळ शून्य. दोन दारांच्या मध्ये किंवा कपड्यांच्या दोरीवर जुनं पांढरं धोतर नाहीतर चादर ताणून बांध, सुरकुती राहू देऊ नकोस. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून आकृत्या करायच्या, हात वेगळा कापून बटण-दोऱ्यानं सैल टाचायचा म्हणजे हलतो, आणि खराट्याच्या काड्या चिकटवायच्या. डोळे, दागिने भोकं पाडून, कारण पडद्यावर दिसतात ती भोकंच, रंगवलेलं काही दिसत नाही. रंग पाहिजे तर भोकावर मागून चॉकलेटचे रंगीत पारदर्शक कागद चिकटव.

उजेडाला ट्यूबलाईट चालत नाही, सावली पसरट आणि फिकी पडते. मोबाईलचा टॉर्च घे, एका ठिपक्यातून उजेड येतो म्हणून सावली धारदार येते. बाहुली कपड्याला टेकवली की सावली नेमकी आणि बाहुलीएवढीच, टॉर्चच्या जवळ नेली की राक्षस. हे नऊ वर्षांच्याला सांगू नकोस, त्याचा त्यालाच सापडू दे, राक्षसाची एंट्री तोच ठरवील.

गोष्ट तुमच्याच भागातली घ्या ना, शूर्पणखेची. पंचवटीत राहून दुसरीकडं कशाला जायचं? नाक वेगळं कापून काडीवर लावायचं आणि योग्य वेळी ओढायचं. पहिला खेळ वाड्यातल्या चार पोरांसमोर करा, २१ मार्चला जागतिक कठपुतळी दिवस असतो, जमलं तर तोच मुहूर्त धरा. आणि काय झालं ते मला कळव, नाक वेळेवर निघालं का ते खास लिही.