पहिली रोड बाइक घेताना

बजेट कमी असेल तर स्वस्तातल्या नव्या सायकलीआधी नीट वापरलेली जुनी बघ. पण सगळ्यात आधी माप. फ्रेम मोठी असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही महिनाभरात पाठ आणि मनगटं बोलायला लागतात. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिलास की मध्ये थोडी जागा सुटायलाच हवी.

कार्बन फायबरच्या फ्रेमच्या मोहात पडू नकोस. रोज कुठेतरी खांबाला बांधून ठेवायची सायकल ॲल्युमिनियमची किंवा क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलचीच बरी. फ्रेममध्ये टायरला किती जागा आहे, याला मी फार महत्त्व देतो: २८ मिमी रुंदीचा तरी बसलाच पाहिजे, ३२ बसला तर सोन्याहून पिवळं. बारीक टायर खड्ड्यात आपटला की ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. मडगार्ड आणि कॅरिअर लावायची सोय आहे का, तेही बघ.

मागे ८ किंवा ९ गिअर पुरेत. त्यांची चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) स्वस्तात मिळते.

जुनी बघायला गेलास की पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलव. हँडलखाली खटखट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल वळतं तिथलं बेअरिंग, ढिला आहे. क्रँक (पेडलचा दांडा) आडवा हलवून बघ. खेळ असेल तर बहुधा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक जिथे फिरतो तिथलं बेअरिंग, गेलंय. चाक उचलून फिरव आणि रिम डोलतेय का ते ब्रेक पॅडजवळ डोळा नेऊन बघ. हँडलच्या मागे, खालच्या नळीवर रंगाला सुरकुती किंवा तडा दिसला, तर किंमत कितीही पाडली तरी तिथून निघ.

कुलूप, दिवे आणि हेल्मेटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेव.